आडवा दोर

मसाटच्या कारखान्याच्या आवारात गाडी निंबाच्या सावलीला लावून गोकुळ फडकं घेऊन खाली उतरला, पुढच्या बंपरपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. बंपरच्या उभ्या दांड्यात दोराचा तुकडा अडकला होता. काथ्याचा, वापरून वापरून मऊ पडलेला, त्यात पळसाचं एक फूल खोचलेलं. फूल वाऱ्याने फाटलं होतं, तरी होतं. गोकुळने आधी आजूबाजूला पाहिलं. जयवंत साहेब केव्हाच आत गेले होते, गेटवर वॉचमन वाळू तंबाखू मळत बसला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्याने तो दोर सोडवला. सोडवता सोडवता लांबच लांब निघाला, गाडीखालूनही थोडा निघाला, आणि शेवटी टोक हातात आलं. टोकाला दोन पदरी गाठ होती. माणूस हाताला वेढा देऊन दोर धरतो तेव्हा निसटू नये म्हणून मारतात, तसली. सकाळपासून तो स्वतःला सांगत आला होता की वळणावरच्या बायकांनी दोर सोडला. गाडी थांबत नाही म्हटल्यावर सोडतातच; खानवेलच्या रस्त्यावर होळीच्या आठवड्यात हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक. आडवा दोर धरायचा, गाडी थांबली तर फाग, म्हणजे होळीचे पैसे, मागायचा, नाही थांबली तर दोर खाली टाकून मागून दोन शिव्या हासडायच्या आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. खाली टाकलेल्या दोरावरून गाडी निघून जाते. हा दोर निघून गेला नव्हता, गाडीबरोबर आला होता. म्हणजे कुणीतरी धरून ठेवला होता.

आरशात त्याने एकदाच पाहिलं होतं. वळणावर बायकांचा घोळका, आणि त्यातली एक रस्त्यावर खाली. बसली की पडली? बसली असेल. म्हातारी माणसं उन्हाची बसतात रस्त्यावर, त्यात काय एवढं. असं म्हणत त्याने वासोण्यापर्यंत गाडी आणली होती, आणि मागच्या सीटवरून जयवंत साहेब पेपर खाली न करताच म्हणाले होते, "बरोबर केलंस. असंच पाहिजे." साहेब मुंबईचे, कारखान्याचे मॅनेजर, बायको शोभाताई खानवेलकडच्या शाळेत शिक्षिका, म्हणून तिकडे क्वार्टरमध्ये राहायचे. गोकुळने रोज सकाळी टोकरखाड्याहून रिकामी गाडी घेऊन जायचं, साहेबांना आणायचं, संध्याकाळी पोचवायचं. साहेबांची शाबासकी वर्षातून एखादी, आणि ती आज मिळाली होती. ती घेऊन काय करायचं ते मात्र गोकुळला समजत नव्हतं. दोराची गुंडाळी करून त्याने ती ड्रायव्हर सीटखाली सारली आणि फडक्याने बंपर पुसायला लागला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

मागच्या वर्षी असाच होळीचा आठवडा होता. तेव्हा तो साहेबांच्या अँबॅसिडरवर नव्हता, टेम्पोवर होता. मागे यार्नची खोकी भरलेली, ताडपत्री ताणून बांधलेली. मसाटहून भिवंडीला जाताना हायवेला लागायच्या आधीच, भर दुपारी, आडवा दोर दिसला. गोकुळने कपाळावर आठीसुद्धा घातली नाही. उलट त्याला बरंच वाटलं होतं. धुळे जिल्ह्यातलं त्याचं गाव, तिकडेही होळीला पोरंटोरं रस्ता अडवतात, लहानपणी तोही उभा राहिलेला. डॅशबोर्डवर त्याने या दिवसांसाठी सुटे पैसे काढूनच ठेवले होते. गाडी हळू केली, काच खाली केली, हसत हसत हात बाहेर काढला, आणि तो हात कुणीतरी धरला. नुसता धरला नाही, पिरगाळला. मग दुसरं दार उघडलं, गळ्याला काहीतरी थंड टेकलं. तो शेतात पालथा पडला होता, तोंडात मातीची ढेकळं, हात मागे बांधलेले, आणि बांधायला वापरला होता तोच आडवा धरलेला दोर. टेम्पोचा आवाज लांब लांब जाताना त्याने ऐकला. तिसरा गिअर टाकताना तो टेम्पो नेहमी खरखरायचा, त्याला जरा क्लच दाबून धरावा लागे. चोराला ते माहीत नव्हतं. गाडी खरखरली तेव्हा गोकुळला वाईट वाटलं होतं, अरे हळू, असं तोंडात येऊन गेलं होतं. माणसाचं डोकं कुठे कसं चालेल सांगता येत नाही. नंतर त्याला त्या गोष्टीची लाज वाटत राही.

चोर कोण होते ते समजलं नाही, गावातले नव्हते एवढं नक्की. टेम्पो रिकामा सापडला, माल गेला तो गेला. पण गोकुळला खरं ओरबाडलं ते त्या माणसांनी नाही. ते काम एका प्रश्नाने केलं. तू थांबलासच का? हे पोलिसाने विचारलं, आधी साधं, मग कॉलर धरून, मग पुन्हा चहा पाजून. कारखान्याच्या सेठने विचारलं. साहेबांनी विचारलं. टोकरखाड्याच्या चाळीतल्या शेजाऱ्यांनी विचारलं, गावाहून आलेल्या मेव्हण्याने विचारलं. होळी होती, असं तो म्हणायचा. हे उत्तर त्याला स्वतःला अगदी पुरेसं वाटायचं, पण ऐकणाऱ्यापर्यंत ते कधी पोचायचं नाही. होळी होती म्हणून भरलेला टेम्पो उभा केलास? ठरलेलंच असणार, असं काहीजण त्याच्या पाठीमागे म्हणाले आणि काही तोंडावर. सेठने कामावरून काढलं नाही हे सेठचे उपकार. ते उपकार आहेत हे कुणी ना कुणी त्याला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचंच. त्याला टेम्पोवरून काढून साहेबांच्या गाडीवर घातलं. नजरेसमोर राहील, असं त्यामागचं कारण. तेही त्याच्या कानावर येईल अशा बेताने कुणीतरी बोललं होतं.

मग साहेबांनी त्याला शिकवायला घेतलं. वाईट माणूस नव्हे जयवंत साहेब, कळवळ्याने शिकवायचे. गाडीत बसलास की आधी दारं आतून लाव, मग चावी फिरव. काच बोटभरच उघडी. पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसली पाहिजेत इतकं अंतर ठेव, म्हणजे अडकलास तर बाजूने काढता येईल. मागून कुणी ठोकलं तर उतरायचं नाही, वस्तीत जाऊन थांबायचं. रस्त्यात कुणी आडवं पडलेलं दिसलं तरी उतरायचं नाही. आडवा दोर, आडवं झाड, आडवा माणूस, काहीही असो, थांबायचं नाही. आणि इतकं करूनही सुरा टेकलाच, तर चावी देऊन टाकायची. "गाडीचा विमा आहे, तुझा नाही," असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. रोज सकाळी खानवेलहून येताना ते त्याच्याकडून हे म्हणवून घेत. गोकुळ शाळेतल्या पाढ्यांसारखं म्हणायचा. वर्षभरात ते त्याच्या जिभेवरून उतरून पायात गेलं. पाय आता त्याला विचारत नसे. रस्त्यात काही आडवं दिसलं की उजवा पाय आपला आपण खाली जायचा. ढोर असो, कुत्रं असो, वाऱ्याने उडालेला पेपर असो. सकाळीही तसंच झालं होतं. त्याने ठरवलं नव्हतं. दोर दिसला, आणि गाडी पळाली.

आणि एक चोर स्विच बसवला होता. साहेबांनी स्वतः वापीच्या गॅरेजमध्ये उभं राहून बसवून घेतला. ड्रायव्हर सीटच्या खाली, डाव्या बाजूला, चाचपडल्याशिवाय न सापडणारा एक लहान खटका. तो खाली केला की इंजिनाचा करंट तुटतो. चावी असो नसो, गाडी ढिम्म हलत नाही. चोराने गाडी नेली तरी हाकेच्या अंतरावर बंद पडावी म्हणून. तो कुठे आहे ते फक्त साहेब आणि गोकुळ या दोघांनाच माहीत. रात्री गाडी लावताना गोकुळ तो खाली करायचा. मग घरी जाऊन दाराची कडी लावायचा, जेवताना उठून ती पुन्हा बघायचा, आणि अंथरुणात पडल्यावर दुर्गाला विचारायचा, कडी लावलीय ना? दुर्गा त्याची बायको. दिवसभर बाजूच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात उभी असायची, तिचे पाय ठणकत असायचे. पहिले काही महिने ती उठून बघून यायची. नंतर पडल्या पडल्याच हो म्हणायची. रोज तो घरात शिरला की ती त्याच्या तोंडाकडे बघून त्यांच्या अहिराणीत विचारायची, काय व्हयनं? आणि तो म्हणायचा, काही नाही. तेही खोटं नव्हतं. खरोखर काही झालेलं नसायचं. काही होऊ नये यातच त्याचा सगळा दिवस खर्ची पडायचा आणि घरी उरायचा तो नुसता थकवा. एकदा ती म्हणाली होती, "तुम्ही रस्त्यावर थांबत नाही ते ठीक आहे. पण तुम्ही घरातही थांबत नाही हो." त्याला तेव्हा राग आला होता. आत्ता बंपर पुसताना ते वाक्य आठवलं आणि रागही आला नाही.

दुपारी जेवणाच्या सुटीत तो गेटवर वाळूजवळ जाऊन बसला. वाळू तिकडचाच, वासोण्याच्या पुढच्या पाड्यावरचा वारली, कमी बोलणारा माणूस. आज अर्धी शिफ्ट आलेलीच नाही, सगळे होळीला, असं त्याने सांगितलं. गोकुळने तंबाखू घेतली. त्याला सरळ विचारायचं होतं, तुमच्याकडे सकाळी कुणी पडलं का रे, कुणाला लागलं का? पण असं विचारलं की, तुला कसं ठाऊक, हा पुढचा प्रश्न आलाच. मागच्या वर्षीच्या प्रश्नातून तो अजून बाहेर आला नव्हता. म्हणून त्याने लांबून सुरुवात केली. फाग कसा मागतात, दोर कुठला आणतात. वाळू म्हणाला की कुणाच्या गोठ्यातला, कुणाच्या विहिरीवरचा. मग गोकुळने जमेल तेवढ्या सहज विचारलं, गाडी थांबलीच नाही तर?

"तं दोर सोडायचा. गाडीला कोन धरंल?"

"आणि कुणी नाही सोडला तर?"

वाळूने जरा विचार केला. त्याला तो प्रश्न नुसता मजेचा वाटला असावा. "नाय सोडला, तं त्याला वाटलं असंल की ही गाडी थांबनारीच हाय," तो म्हणाला. "वलखीची असंल."

गोकुळ उठून गाडीपाशी आला आणि आत बसला. दारं आतून लावून घेतली. गाडी भट्टीसारखी तापली होती तरी त्याने काच उघडली नाही. ओळखीची! त्या वळणावरच्या बायका त्याला ओळखत होत्या. टेम्पो घेऊन खानवेलला फेऱ्या असायच्या तेव्हा तो त्यांच्यासमोरून जायचा, हॉर्न द्यायचा, आणि मंजुळाबाई नावाची एक म्हातारी हात वर करायची. तिचं नाव त्याला ठाऊक होतं, कारण होळीला तो तिथेच थांबायचा. दोराचं टोक तीच धरायची. पैसे हातात पडले की काहीतरी गाणं म्हणायची, त्यातलं त्याला अक्षरही समजायचं नाही, आणि तो खिडकीतून तोंड काढून ऐकायचा. मागच्या वर्षी चोरांनी हात धरला तेव्हा त्याच्या मनात आधी तीच आली होती. हाताला खरखरीत पकड लागली तशी क्षणभर वाटलं, म्हातारीच गंमत करतेय. हे त्याने पोलिसांना सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. मग वर्षभर तो त्या वळणावरून काच वर करून, सरळ पुढे बघत गेला. हॉर्नही बंद झाला. तरी तिने आज दोर सोडला नाही. पडली की बसली? मनगट गेलं असेल का? म्हाताऱ्या माणसाचं हाड एकदा मोडलं की मोडलं. त्याला भडभडून आलं, पण रडण्याइतकीही ताकद नव्हती. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो पडून राहिला, शिफ्टचा भोंगा होईपर्यंत.

संध्याकाळी साहेब आले, मागे बसले, दार लावलं. ऊन अजून होतं, पिवळं पडलेलं. राखोलीचा पूल गेला. साहेब आज बोलण्याच्या मूडमध्ये होते. शोभाताईंनी होळीला पुरणपोळी करायचं ठरवलंय, पण इथे चांगली डाळ मिळत नाही, असं काहीसं ते सांगत होते. गोकुळ हो हो करत होता. वासोण्याच्या सिंहांच्या सफारीचं कुंपण लागलं. दुसरा रस्ता नव्हता. असता तर त्याने घेतला असता का, हेही त्याने स्वतःला विचारून पाहिलं, आणि उत्तर यायच्या आत वळण आलं.

या वेळी दोर नव्हता. कसा असेल, तो तर त्याच्या सीटखाली होता. दोराच्या जागी रस्त्यावर आडवं एक जुनं लुगडं धरलं होतं. विटलेलं, हिरवं, मधे झोळ पडलेलं. दोन्ही बाजूंना बायका. लांबून ते वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

"चल, थांबू नकोस," साहेब म्हणाले. साधंच म्हणाले, रोजच्यासारखं.

आणि पाय खाली गेला. गोकुळला तो जाताना जाणवला. त्याला नको होतं, तोंडाने तो नको नको म्हणतही होता बहुधा, पण पाय वर्षभराचा शिकलेला, तो ऐकेना. गाडीने वेग घेतला. लुगडं मोठं व्हायला लागलं. त्यावरचं ठिगळ दिसलं. डाव्या टोकाला मंजुळाबाई उभी होती, उभी होती, आणि एका हाताने लुगड्याचा पदर धरून ती गाडीकडे बघत होती. ती आताही सोडणार नाही, हे गोकुळला अगदी स्वच्छ समजलं. त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून निघाला, सीटखाली गेला, दोराच्या गुंडाळीत अडकला, तिथून सुटला आणि खटका सापडला.

इंजिन मेलं. पाय तळाला टेकलेला होता तसाच होता, पण आता त्याचं कुणी ऐकत नव्हतं. गाडी दोनतीन गचके खात हळू झाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बाहेरचा आवाज आत आला. बायकांचं बोलणं, कुठेतरी कोंबडा. गोकुळने डाव्या पायाने ब्रेक दाबला. बंपरला लुगडं लागलं आणि गाडी उभी राहिली.

"काय झालं?" साहेब पुढे झुकले.

"बंद पडली, साहेब."

"आत्ताच? काच उघडू नकोस. परत मार सेल्फ."

गोकुळने काच खाली केली. पूर्ण. मंजुळाबाई खिडकीशी आली. तिच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं आणि फडक्यातून हळद पाझरली होती. तळव्याची साल गेली असावी, बोटं मात्र हलत होती. गोकुळने आधी बोटंच पाहिली. हाड मोडलं नव्हतं. त्याच्या छातीतून एवढा मोठा श्वास सुटला की मागे साहेबांनाही ऐकू गेला असेल.

"सकालचा का नाय थांबलास रं?" तिने विचारलं.

वर्षभर सगळ्यांनी विचारलं होतं, का थांबलास. हा प्रश्न पहिल्यांदाच उलटा आला होता. ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती, शेजारचं माणूस घरावरून गेलं आणि आत आलं नाही तर विचारतात तसं. गोकुळला पुष्कळ सांगायचं होतं. टेम्पो, शेत, पोलीस, पिरगाळलेला हात. पण ते सगळं सांगायला लागणारा दम त्याच्यात नव्हता, आणि एवढ्या सगळ्याचं सार एकाच शब्दाचं आहे हे त्याला तिथे, तिच्यासमोर समजलं.

"भ्यालो," तो म्हणाला.

"कोनाला? आमाला?"

तिने मागे वळून बायकांकडे पाहिलं आणि त्यांना सांगितलं, हा आपल्याला भ्याला. सगळ्या हसायला लागल्या. एक पोटुशी होती ती तर बोनेटला टेकून हसत होती. मंजुळाबाईही हसली, दात नसलेलं. गोकुळला हसू आलं नाही, डोळे मात्र भरून आले, आणि त्याने ते पुसलेही नाहीत. सीटखालून दोर काढला आणि खिडकीतून तिच्या हाती दिला. तिने तो उलगडून पाहिला, विहिरीवरचा आहे, सकाळपासून पाण्याची पंचाईत झाली, असं काहीतरी म्हणाली. मग डॅशबोर्डवरच्या खणात त्याने हात घातला. सुटे पैसे तिथेच होते, मागच्या वर्षी टेम्पोत असायचे तसे. यंदाही काढून ठेवले होते, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं. ते मुठीत घेऊन त्याने हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काढायचा होता, पण मनगटाशीच थांबला. म्हातारीने तिचा फडकं बांधलेला हात पुढे केला, त्याचं मनगट धरलं आणि ओढून मूठ आपल्या दुसऱ्या हाताच्या तळव्यावर आणली. पकड खरखरीत होती. गोकुळचं सगळं अंग ताठ झालं, मान आखडली, आणि तरी त्याने हात मागे घेतला नाही. पैसे पडले. हात सोडला गेला. बायकांनी लुगडं खाली केलं आणि तिने ते गाणं म्हणायला घेतलं. त्याला आताही त्यातलं काही समजलं नाही.

त्याने सीटखाली हात घालून खटका वर केला. तो टक् आवाज साहेबांच्या ओळखीचा होता. त्यांनीच तो निवडून बसवला होता. सेल्फ मारताच गाडी एका झटक्यात सुरू झाली. गोकुळ मागून शब्द येण्याची वाट बघत होता. उद्या सेठला समजेल, कदाचित गाडीही जाईल, मग पुन्हा कुठेतरी दारोदार. विचार आला आणि त्याला त्याचं ओझं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. फार थकला होता म्हणून असेल.

"बंद पडली म्हणालास," शेवटी साहेब म्हणाले.

"मी केली, साहेब. पाय थांबत नव्हता."

आरशात साहेबांचा चेहरा दिसत होता. रागावलेला नव्हता, म्हातारा दिसत होता. पुढे पुन्हा एका वळणावर ते म्हणाले, काच वर घे.

"राहू द्या साहेब," गोकुळ म्हणाला. "उद्या होळी. उद्याही थांबावं लागेल."

शोभाताईंच्या दारात त्यांना सोडून तो परत फिरला. उजेड जात आला होता. त्या वळणावर आता कुणी नव्हतं, तरी त्याने हॉर्न दिला. स्टिअरिंगवरचं उजवं मनगट हळदीने पिवळं झालं होतं. त्याने ते पँटला पुसायला घेतलं आणि राहू दिलं. घरी गेल्यावर दुर्गा तोंडाकडे बघेल, मग मनगटाकडे बघेल आणि विचारेल, काय व्हयनं? तिला सांगायला पाहिजे. म्हातारीच्या हातापासून सुरुवात करायची की टेम्पोपासून, एवढाच प्रश्न होता, आणि टोकरखाडा अजून लांब होता.